ग्राहक अद्याप हयात

व्रबोलुग गावच्या श्रीमती रादोयका स्तामेन्कोविच वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी हयात आहेत, ही गोष्ट गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत कोणाच्याही अडचणीची नव्हती. त्या सकाळी उठत, कॉफी उकळत, कोंबड्यांना शिव्या देत आणि दर शनिवारी दफनभूमीत जाऊन नवऱ्याच्या, तिहोमीरच्या, कबरीवर राकिया ही फळांची दारू पेलाभर ओतत. पेलाभर म्हणजे अर्धी त्याला, अर्धी स्वतःला. इतका निरुपद्रवी नागरिक शोधून सापडला नसता. सप्टेंबरात त्या अंगणात लाल मिरच्या भाजत बसल्या असताना त्यांना नोटीस आली, आणि त्यांचं हयात असणं हा सार्वजनिक सेवेतला अडथळा आहे हे सर्वांच्या लक्षात आलं.

नोटीस 'शाश्वत विसावा प्लस' या कंपनीची होती. नगरपालिकेने दफनभूमी तिच्याकडे चालवायला दिली होती. त्याआधी पाणी दिलं होतं, कचरा दिला होता, रस्त्यावरचे दिवे आणि दवाखानाही दिला होता. नगरपालिकेचं खरं काम कारभार करणं हे आहे, सेवा द्यायला लागलं की कारभाराला वेळ उरत नाही, असं आमचे नगराध्यक्ष नेहमी सांगतात. शेवटी जे जे हलत होतं ते सगळं देऊन झालं आणि न हलणारं तेवढं उरलं. मग तेही दिलं.

करार करताना कंपनीने एक साधी अट घातली होती. गावाने वर्षाला किमान साठ दफनांची हमी द्यावी. नगराध्यक्षांनी मोठ्या मनाने दिली. आपल्या लोकांवर त्यांचा विश्वास होता. पण आमच्याकडची हवा चांगली, पाणी डोंगराचं आणि माणसं चिवट. पहिल्या वर्षी हमी काही पुरी झाली नाही. गावाने शब्द पाळला नाही याचं नगराध्यक्षांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी चर्चच्या सणाच्या जेवणात बोलूनही दाखवलं. त्यांची नजर नेमकी म्हाताऱ्यांच्या टेबलावरून फिरत होती.

आता यात मी कसा आलो ते सांगतो. मी विदोये, गावचा पाथरवट. आमच्याकडे जोडप्यातला एक गेला की दगडावर दोघांचेही चेहरे कोरून घेतात. जिवंत माणसाच्या चेहऱ्याखाली नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. एका दगडात काम भागतं, चेहरा बऱ्या वयातला उतरतो आणि मुख्य म्हणजे शेजारी कोण निजणार यावर गावात वाद राहत नाही. रादोयका म्हणजे आमच्या रादावहिनी; नवऱ्याच्या दगडावर त्यांचा चेहरा मीच कोरला. नाक बारीक कर, नाक बारीक कर, असं म्हणत त्यांनी तीन दिवस माझं डोकं खाल्लं होतं. शेवटी जे नाक झालं ते त्यांच्या खानदानात कोणाचंच नाही, पण त्या खूश होत्या.

कंपनीने आल्या आल्या सगळ्या दगडांचे फोटो काढले. तेव्हा असं उघडकीला आलं, की दगडावर नावं आहेत पण खाली माणूस नाही अशा कितीतरी जागा गावात आहेत. वर्षानुवर्षं हा प्रकार चालू होता आणि नगरपालिकेला पत्ता नव्हता! कंपनीने या लोकांना 'आरक्षित परंतु अनुपस्थित' असं नाव दिलं आणि वयाच्या क्रमाने नोटिसा काढल्या. पहिला मान रादावहिनींचा.

भाजलेल्या मिरच्यांच्या काळ्या हातांनी ती नोटीस धरून त्या माझ्या दुकानात आल्या.

"विदोये, वाच रे हे. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावला तर कळत नाही."

मी वाचलं. "आपण आमच्या सेवेसाठी जागा राखून ठेवली आहे. तथापि आपण सेवेचा लाभ अद्याप घेतलेला नाही. नोव्हेंबरातील मित्रोवदानच्या सणापर्यंत आपण उपस्थित न झाल्यास जागा शिल्लक समजून प्रतीक्षायादीतील पुढील ग्राहकास देण्यात येईल."

"उपस्थित म्हणजे? मी तर दर शनिवारी जाते की."

"वर नाही वहिनी. खाली."

वहिनी माझ्या कामाच्या पाटावर बसल्या. मरणाला त्या भीत नव्हत्या. आमच्याकडे कोणीच फारसं भीत नाही. पुढच्या प्रश्नाने मात्र त्यांचा आवाज बदलला.

"प्रतीक्षायादीत पुढे कोण आहे?"

मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. यादीत पहिलं नाव मिलुंकाचं होतं. मिलुंका जन्मभर व्हिएन्नात काम करून म्हातारपणी गावी परत आलेली. तिच्याकडे दोन मजली घर होतं, दारात दगडाचे दोन सिंह होते, पण कबर नव्हती. आणि व्हिएन्नाला जाण्याआधी, रादावहिनी लग्न होऊन या गावात येण्याआधी, ती दोन उन्हाळे तिहोमीरबरोबर नाचली होती.

"ती!" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "पन्नास वर्षं मी त्या माणसाचे मोजे धुतले, त्याचं घोरणं ऐकलं, आणि आता आयत्या वेळी ही बया येऊन शेजारी पसरणार? विदोये, मी मरेन पण हे होऊ देणार नाही."

"कंपनीचंही तेच म्हणणं आहे," मी म्हणालो. त्यांनी मला नोटिशीनेच एक ठेवून दिली.

कंपनीचं कार्यालय दफनभूमीच्या फाटकाशी होतं. जिथे पूर्वी फावडी ठेवत तिथे आता काचेचं दार, नंबराचं यंत्र आणि हसणाऱ्या वृद्ध दाम्पत्याचं मोठं चित्र. आत दाम्यान नावाचा व्यवस्थापक बसे. राजधानी बेलग्रेडहून आलेला, विशीपंचविशीचा, फार सभ्य. रागवायला जावं तर पाण्याचा पेला पुढे करणारा. आमचा नंबर येईपर्यंत थांबावं लागलं, जरी खोलीत आम्हीच दोघं होतो.

"बाळा," वहिनी म्हणाल्या, "काहीतरी चूक झालीय. मी मेलेले नाही."

"आमची अडचण नेमकी तीच आहे, आजी."

"अरे, पण जागा माझी आहे. माझं तोंड आहे त्या दगडावर!"

"तोंडाची काळजी करू नका. नवीन ग्राहकाचं तोंड बसवण्याचं काम कंपनी करून देते. तो भाग घासला की झालं."

वहिनींनी टेबल धरलं. मी पटकन विचारलं, मुदत वाढवून मिळते का?

"मिळते ना. आम्ही काही राक्षस नाही," दाम्यान म्हणाला. "डॉक्टरचा दाखला आणा. त्यावर अपेक्षित दिनांक हवा. मिलुंकाबाईंनी बघा, व्हिएन्नाहून आणलाय. किती नीटनेटका आहे! हृदय, मूत्रपिंड, सगळं तारीखवार. असे ग्राहक असले की नियोजन करता येतं."

तिथून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर झोर्का शेजारच्या शहरातून मोटारीने येते. तिची आजी आमच्या गावची, म्हणून ती वहिनींना मावशी म्हणते. तिने छाती तपासली, रक्तदाब घेतला, गुडघे ठोकले आणि आनंदाने म्हणाली, "रादामावशी, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"असं काय करतेस गं झोर्के? नीट बघ."

"बघितलं. बैलासारखं हृदय आहे."

"फुप्फुसं? लहानपणी मी फार खोकायचे."

"उत्तम."

"साखर? मी सकाळी मुद्दाम पाकातला बक्लावा खाऊन आलेय. चार तुकडे."

झोर्काने कपाळाला हात लावला. बाहेर बाकावर शेजारणी जमल्या होत्या. वहिनी बाहेर आल्या तशा सगळ्यांनी गलका केला. काय म्हणाली डॉक्टर? काही नाही म्हणाली, असं कळल्यावर एकेकीने वहिनींचा हात हातात घेतला. "धीर सोडू नकोस रादा," एक म्हणाली. "होईल काहीतरी. माझ्या दिराचं बघ ना, धडधाकट होता आणि एका आठवड्यात गेला. देवाच्या मनात काय असतं सांगता येत नाही."

शेवटी झोर्काला दया आली. तिने कागदावर लिहिलं, सदर रुग्ण मर्त्य आहे. हे वैद्यकीयदृष्ट्या खोटं नव्हतं. अपेक्षित दिनांक म्हणून तिने वसंतातला जुर्जेवदानचा सण टाकला. तोवर काहीतरी मार्ग निघेल, अशी तिची समजूत. दाम्यानने दाखला पाहिला, शिक्का मारला आणि मुदतवाढ दिली. एकदाच मिळते, असंही बजावलं. वहिनींनी त्याला घरची चटणी दिली आणि त्याने ती नियमात बसत नाही म्हणत घेतली.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण खासगी सेवांचा फायदाच हा, की त्या एकमेकांशी बोलतात. पूर्वी नगरपालिकेच्या एका खात्याने दुसऱ्या खात्याला काही कळवलं असं माझ्या आयुष्यात झालं नव्हतं. आता पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं. लाकूडवाल्या कंपनीने वहिनींची हिवाळ्याची लाकडं निम्मीच टाकली, जुर्जेवदाननंतर गरज पडणार नाही म्हणून. पाण्याच्या कंपनीचा माणूस येऊन नळाला प्रेमाने हात लावून गेला. दवाखान्याने त्यांची गुडघ्याची तपासणी उन्हाळ्यातली होती ती रद्द केली. बस कंपनीने पास दिला, पण एकेरी.

"लोक किती विचार करतात बघ," वहिनी म्हणत. पण त्यांना झोप लागेना. कारण मिलुंका दर रविवारी चर्चमधून परतताना दफनभूमीत शिरे, तिहोमीरच्या कबरीपाशी थांबे आणि डोक्यापासून पायापर्यंत जागेकडे पाही. एकदा तर तिने पावलांनी लांबी मोजली. वहिनींनी ते फाटकाआडून पाहिलं आणि घरी येऊन एक कोंबडी कापली. निष्कारण.

हिवाळा गेला. वहिनींना सर्दीसुद्धा झाली नाही. जुर्जेवदान आठवड्यावर आला तेव्हा त्या परसात कांदे लावत होत्या. मी कुंपणाशी उभा राहिलो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "विदोये, मला नाही रे जमत. प्रयत्न केला. बर्फात अनवाणी उभी राहिले. भूक वाढली फक्त." आणि मग त्या मातीत बसून रडायला लागल्या. मी त्यांना तिहोमीरच्या दफनाच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

मला फार राग आला. राग आला की मला काम सुचतं. दाम्यान कबरी उकरून बघत नाही, तो दगडाचा फोटो बघतो. दगडावर रेघेपुढे तारीख असली की माणूस उपस्थित. मी दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो आणि वहिनींच्या चेहऱ्याखालची कोरी जागा भरून टाकली. वहिनी शेजारी बसून पाहत होत्या. "आकडे जरा नाजूक काढ," म्हणाल्या.

महिनाअखेर फोटो निघाले. वहिनींना कंपनीचं पत्र आलं. सेवेचा लाभ घेतल्याबद्दल आभार, आणि सोबत पाच प्रश्न. जागा आरामदायी वाटली का? आमची सेवा नातेवाइकांना सुचवाल का? वहिनींनी सगळीकडे 'होय' लिहिलं आणि ते द्यायला स्वतः कार्यालयात गेल्या. मला भीती वाटली, म्हणून मीही मागोमाग गेलो.

दाम्यानने त्यांच्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"आजी, मला तुम्ही दिसताय," तो हळूच म्हणाला. "पण कंपनीला दिसत नाही. आणि नोकरीला मी कंपनीकडे आहे." मग त्याने उठून त्यांच्याशी हात मिळवला आणि मनापासून सहवेदना व्यक्त केली. मिलुंकाचं नाव त्याने दुसऱ्या जागेच्या यादीत सरकवलं. त्या संध्याकाळी रादावहिनींनी अख्खा पेला एकटीने घेतला.

आणि मग एक गंमत झाली. वहिनींचं पेन्शन थांबलं हे खरं, पण त्याबरोबर बिलंही थांबली. पाण्याच्या कंपनीने शोकसंदेश पाठवून खातं बंद केलं. नळ बंद करायला मात्र कोणी आलं नाही, कारण नळ बंद करण्याचं काम आणखी एका कंपनीकडे होतं आणि ती फक्त थकबाकीदारांचे नळ बंद करते. मृत माणूस थकबाकीदार नसतो. कचऱ्याचा दंड नाही, दिव्याचा कर नाही, नोटीस नाही. मोठ्या झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे कोणी काही मागत नव्हतं.

गावाच्या हे ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? आधी म्हातारे आले. मग ज्यांच्या दगडावर नाव नव्हतं त्यांनी नावासकट तारीख कोरून घेतली. मग तरुण जोडपी आली, लग्न आणि कबरीचा दगड एकदमच. खाटीक आला, शाळेचे मास्तर आले, वहिनींच्या सगळ्या शेजारणी आल्या. चर्चचे पाद्रीबाबा आले, म्हणाले, माझ्या बाबतीत हे थोडं तत्त्वाविरुद्ध आहे, पण विजेचं बिल फार येतं. मी रात्रंदिवस ठोकत होतो. शेवटी स्वतःचाही कोरला. दुकानदाराने आपला माल वापरायला नको?

कंपनी आनंदात होती. साठची हमी पुढच्या कितीतरी वर्षांसाठी पुरी झाली होती. राजधानीने व्रबोलुगला सर्वांत कमी तक्रारी असलेलं गाव म्हणून गौरवलं. नगराध्यक्ष मानपत्र घेऊन आले आणि म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? काम व्यावसायिकांच्या हाती दिलं की असंतोष कसा आपोआप नाहीसा होतो.

शरदात कंपनीने नवा प्रस्ताव मांडला. दफनभूमीचा जुना भाग आता पूर्ण भरला असून तिथे वाढीला वाव नाही. तेव्हा त्यातल्या कबरी टेकडीपलीकडे हलवाव्यात आणि मोकळ्या जागेत मोटारी उभ्या करण्याची सोय व अभ्यागत केंद्र करावं. जुना भाग म्हणजे तिहोमीरचा भाग. हलवताना जागांचं वाटप नव्याने होईल आणि ते प्रतीक्षायादीच्या क्रमाने होईल, असंही खाली लिहिलं होतं. यादीत पहिलं नाव अजूनही मिलुंकाचंच होतं. कायद्याने यावर जनसुनावणी आवश्यक होती. हयात रहिवाशांनी आपल्या हरकती प्रत्यक्ष येऊन नोंदवाव्यात, असं जाहीर झालं.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खा गाव आला होता. रादावहिनी काळा रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दाम्यानने प्रस्ताव वाचला आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

वहिनी उठल्या. "माझी आहे! माझ्या नवऱ्याला हात लावायचा नाही. तो तिथे आहे, मी त्याच्या शेजारी जाणार आहे, आणि हे मी सरळ सांगतेय."

दाम्यानने संगणकात पाहिलं. तो वर बघेना. "आजी... तुमची नोंद बंद झालेली आहे."

"मग माझी हरकत लिही!" मी ओरडलो. त्याने माझं नाव शोधलं आणि मान हलवली. खाटीक उठला, मास्तर उठले, पाद्रीबाबा उठले. मग सगळं सभागृह उठलं. सगळ्यांचे हात वर होते, सगळे एकदम बोलत होते, कोणी बाक आपटत होतं. दाम्यान एकेक नाव घालून पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. माझी खात्री आहे, त्यालाही वाईट वाटत होतं.

शेवटी त्याला एक नाव मिळालं. गावात फक्त एकाच माणसाच्या दगडावर तारीख नव्हती, कारण तिच्याकडे अजून दगडच नव्हता. व्हिएन्नाच्या दाखल्यावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती आणि आमच्या हवेने तिचे गाल लाल झाले होते.

"मिलुंकाबाई," दाम्यान म्हणाला, "आपली काही हरकत?"

मिलुंका मागच्या रांगेतून उठली. तिने केस सारखे केले. रादावहिनींकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. मग म्हणाली, "माझी कसली हरकत? आनंदच आहे."

प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसल्या. "विदोये, आपण एवढे सगळे हात वर करून उभे होतो. दिसलो कसे नाही रे?" मी त्यांच्या शेजारी बसलो. गाव हळूहळू घरी गेला, ज्याच्या त्याच्या फुकटच्या पाण्याकडे.

तुम्ही हसत असाल. तुमच्याकडे दगडावर चेहरे कोरत नाहीत, मला ठाऊक आहे. पण सुनावण्या तुमच्याकडेही होतात. त्यांची सूचना कुठल्या तरी कचेरीच्या दाराशी चिकटवलेली असते, तुम्ही तिच्यासमोरून रोज जाता, आणि महिन्याभराने पेपरात येतं, की कोणीही हरकत घेतली नाही. तेव्हा उगाच मोठ्याने हसू नका. शेवटची हरकत तुम्ही कधी घेतली होती, तेवढी तारीख आठवून मला कळवा. मी तीच कोरून देतो.